निमाईच्या नावाचे मैदान

एका नगरात एक फुटबॉलपटू राहत होता. राहत होता असे आपले सगळे म्हणत. नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत मात्र तो राहत नव्हता.

नगराचे नाव रांजणपूर आणि खेळाडूचे नाव निमाई. नदीपलीकडच्या मुलखात युद्ध पेटले, तेव्हा चार वर्षांच्या निमाईला पाठुंगळी घेऊन त्याची आई रांजणपुरात आली. तिच्यासह अशी दोनशे बारा कुटुंबे आली. नगरपालिकेने त्यांना नदीकाठच्या माळावर उतरवले आणि तिथे 'तात्पुरती छावणी' अशी पाटी लावली. पुढच्या एकोणीस वर्षांत त्या पाटीला चार वेळा नवा रंग द्यावा लागला. छावणीला मात्र एक नळ देता आला नाही, कारण नळ नोंद असलेल्यांनाच मिळे.

त्यामुळे पाणी नदीवरून आणावे लागे. निमाईच्या दोन्ही हातांत बादल्या असत, म्हणून चेंडू पायानेच न्यावा लागे. चढाच्या वाटेने, दगडधोंड्यांतून, बादलीतला थेंब न सांडता चेंडू घरापर्यंत न्यायला तो शिकला. सतराव्या वर्षी रांजणपूर संघाने त्याला पगारी खेळाडू म्हणून घेतले, तेव्हा समोरच्या संघाच्या बचाव फळीला तो कसा निसटतो हेच कळेना. 'छावणीला नळ दिला असता, तर नगराला असा खेळाडू मिळाला नसता,' असे नगराध्यक्ष आबासाहेब दिघे एका भाषणात म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रांजणपूरची एक जुनी रीत होती. कुणी काही मागितले की ते देण्याऐवजी त्याचा सत्कार करायचा. शाळेच्या गुरुजींनी गळक्या छपरावर कौले मागितली, तर त्यांना मानपत्र मिळाले. पुढे पाऊस त्या मानपत्रावर पडला. सुईणीने दवाखान्यात दिवा मागितला, तर तिच्या हस्ते दीपप्रज्वलन करण्यात आले. सत्कारमूर्तीला रागावताही येत नसे. गळ्यात हार असताना माणूस भांडणार तरी कसा?

निमाईने सहा वर्षांत रांजणपूरला तीन करंडक जिंकून दिले. प्रत्येक वेळी 'काय हवे ते माग' असे त्याला सांगण्यात आले, आणि प्रत्येक वेळी त्याने एकच गोष्ट मागितली. छावणीतल्या कुटुंबांची नावे नोंदवहीत घ्या. प्रत्येक वेळी त्याला शाल मिळाली. आईने पहिल्या शालीचा पडदा केला, दुसरीची शेजारणीच्या बाळाला झोळी केली, आणि तिसरी आली तेव्हा ती म्हणाली, "अरे, आता यांना सांग, आमच्याकडे थंडी संपली."

चौथ्या करंडकासाठी रांजणपूर पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले. उपांत्य सामन्यात निमाईने शेवटच्या मिनिटाला गोल केला आणि नगर वेडे झाले. त्याच आनंदात आबासाहेबांनी घोषणा केली की नगरात नवे मैदान बांधायचे आणि त्याला निमाईचे नाव द्यायचे. भूमिपूजन गुरुवारी, अंतिम सामना रविवारी.

गुरुवारी निमाईला फुलांनी सजवलेल्या जीपमधून नेण्यात आले. जीप छावणीच्या रस्त्याला वळली, तेव्हा त्याला वाटले, आईलाही घ्यायला चाललेत. आबासाहेबांना एवढे सुचले याचे त्याला कौतुक वाटले.

मांडव त्याच्या आईच्या झोपडीसमोरच घातला होता. माळभर पांढऱ्या फक्कीच्या रेषा आखल्या होत्या. त्या कुणाच्या दारातून, कुणाच्या न्हाणीतून, कुणाच्या शेळीच्या खुंट्यावरून गेल्या होत्या. पेनल्टीचा ठिपका आईच्या अंगणातल्या चुलीला लागून पडला होता. आई चुलीपाशी बसून त्या ठिपक्याकडे बघत होती.

आबासाहेबांनी त्याच्या हातात हार गुंडाळलेली कुदळ दिली. "मार पहिली कुदळ. तुझ्या नावाचं मैदान आहे."

"इथे माणसं राहतात, आबासाहेब."

"नोंदवहीत कुणी नाही. सगळ्या नगरात हीच एक जागा रिकामी निघाली."

"मी राहतो की."

"तूही नाहीस." आबासाहेब समजुतीने हसले. "म्हणून तर मैदानाला तुझं नाव देतोय. वहीत नसलं तरी कमानीवर येईल." मग ते त्याच्या कानाशी वाकले. "तुझी आणि आईची सोय केलीय. बाजारपेठेत दोन खोल्या, नळासकट. नोंदही करून देतो, तुमच्या दोघांपुरती."

"आणि बाकीचे?"

"त्यांचं बघू."

निमाईने कुदळ हातात तोलली. दोन खोल्या म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. आईचे गुडघे आता नदीच्या चढाला कुरकुरत होते. त्याने तिच्याकडे पाहिले.

"मार की," आई चुलीपाशी बसूनच म्हणाली. "फक्त भात शिजू दे. खाली उतरवते, मग मार."

निमाईने कुदळ मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवली.

"आबासाहेब, संघ रांजणपूरचा आहे. मी रांजणपूरचा नाही, हे आत्ता तुम्हीच सांगितलंत. मग रविवारी मी कसा खेळणार?"

"थट्टा करतोस?"

"नाही. ही दोनशे बारा घरं याच पत्त्यावर वहीत लिहा. मी खेळतो."

संध्याकाळपर्यंत निमाई कृतघ्न ठरला. ज्यांनी आठवड्यापूर्वी त्याला खांद्यावर नाचवले होते, ते आता चौकात उभे राहून सांगू लागले की असल्या लोकांना डोक्यावर चढवू नये. चढवले कुणी, हे कुणी विचारले नाही. केशकर्तनालयातून त्याचे चित्र उतरले. 'नगराने याला काय दिले नाही?' असा प्रश्न एका वर्तमानपत्राने मोठ्या अक्षरांत विचारला. उत्तर 'नोंद' या एका शब्दाचे होते आणि नोंदवहीत ते कुणालाही तपासता आले असते. पण वर्तमानपत्राला प्रश्नच आवडला होता.

शुक्रवारी निमाईच्या जागी आबासाहेबांचा भाचा सरावाला उतरला. समोर गोलरक्षक नसताना त्याने चेंडू तीन वेळा बाहेर मारला. चौथा आत गेला, पण तो आपल्याच गोलात. बाकावर बसून आबासाहेबांनी हे सगळे पाहिले. त्यांचे मन द्रवले असे म्हणायला जागा आहे. कशाने द्रवले ते वर सांगितलेच आहे.

शनिवारी दुपारी हेडक्लार्क पोफळे नोंदवही घेऊन छावणीत आले. एका झाडाखाली टेबल मांडले. माणसे रांगेत उभी राहिली, पोफळे नावे लिहीत गेले. एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारले, "गाव?" म्हाताऱ्याने नदीपलीकडच्या, आता जळून गेलेल्या गावाचे नाव सांगितले.

"ते नव्हे, बाबा. आत्ताचं."

म्हातारा वहीवर वाकला. मग चाचरत म्हणाला, "रांजणपूर म्हटलं तर चालेल का?"

पोफळ्यांनी मान खाली घालून लिहिले. चहाच्या वेळेपर्यंत दोनशे बारावे घर लिहून झाले. त्यांनी बोटे चोळली, शिक्का मारला आणि शेजारी उभ्या असलेल्या निमाईला हळूच म्हणाले, "एवढंसंच काम होतं रे."

निमाईला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. एकोणीस वर्षांत छावणीत चाळीसेक मुले नोंदीअभावी शाळेवाचून मोठी झाली होती, गढूळ पाण्याच्या तापाने सात जण गेले होते, आणि काम एका दुपारचे होते. तेही आत्ताच झाले, कारण दुसऱ्या दिवशी सामना होता.

रविवारी तो खेळला. जीव तोडून खेळला, दोन गोल केले. समोरच्या संघाने तीन केले. करंडक गेला. मैदानाबाहेर पडताना गर्दीतून आवाज आला, "जा आपल्या गावाला." निमाई गेला. त्याचे गाव तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर होते.

सोमवारी तो नळाचा अर्ज घेऊन नगरपालिकेत गेला, तेव्हा आबासाहेब पोफळ्यांच्या टेबलापाशी उभे होते.

"करंडक आला नाही," आबासाहेब म्हणाले. "ती नावं खोडा."

पोफळ्यांनी वही उघडली, नियमांचे पान काढले आणि त्यांच्यापुढे सरकवले. "साहेब, रहिवासी स्वतःहून गाव सोडून गेला किंवा मेला, तरच नाव खोडता येतं. सामना हरला असं कारण यात दिलेलं नाही."

"यांना सोडून जायला सांगा मग."

पोफळ्यांनी निमाईकडे पाहिले. "जातोस का रे?"

"नाही," निमाई म्हणाला.

"तो नाही म्हणतो, साहेब," पोफळे म्हणाले आणि वही मिटली.

माळ आता वहीत रिकामा नव्हता, त्यामुळे मैदान राहून गेले. पण नळ लगेच आला असे नाही. त्यासाठी आणखी तीन अर्ज करावे लागले आणि एकदा छावणीतल्या बायकांना रिकाम्या बादल्या घेऊन नगरपालिकेच्या पायऱ्यांवर दिवसभर बसावे लागले. आबासाहेबांनी कारणेही पुष्कळ सांगितली. पण 'अर्जदार कोण?' असा शेरा त्या अर्जांवर कुणाला मारता आला नाही.

तात्पर्य: माणसाला हक्क नाकारून त्याचा गौरव करणे ही फसवणूक आहे; आणि जो आपल्यापुरती सोय पत्करून मागच्यांना सोडत नाही, त्याच्यापुढेच ती उघडी पडते.