भोपळ्यावर आलेला आळ

"गाणं बुडालं!" असं ओरडतच करवंदगडचे राजे उदाजीराव भरदरबारात जागे झाले. समोर केसोबुवा गात होते. त्यांची तान अर्ध्यावरच राहिली.

तक्रार तशी रोजचीच. आजोबांच्या काळी म्हणे गाणं ऐकून डोळ्यांत पाणी यायचं, आता नुसती झोप येते. म्हणजे गाणं बुडालंच की! पण त्या दिवशी राजे हट्टालाच पेटले. ज्यानं गाणं बुडवलं त्याला हुडकून काढा, त्याची गाढवावरून धिंड काढतो, म्हणाले.

मग काय विचारता! बुवांनी पखवाजवाल्याकडे बोट दाखवलं. हा असा बडवतो, तिथं गळा काय करणार? पखवाजवाला म्हणाला, तंबोराच घुमत नाही, मी कुणाच्या आधारानं वाजवू? तंबोरा करणाऱ्याला बोलावलं, तर तो म्हणाला, सरकार, आमच्या हाताला काही झालेलं नाही, हल्लीचे भोपळेच तसले. आणि भोपळे पिकवणारा कोण? नदीकाठचा येसबा माळी.

येसबाला धरून आणलं. त्याला बोट दाखवायला खाली कुणी उरलंच नव्हतं. पावसाचं नाव घ्यावं, तर त्याला दरबारात आणणार कोण? तो नुसता हात जोडून उभा राहिला, आणि सगळ्यांना वाटलं, हाच तो. राजांनी फर्मावलं, येत्या पुनवेपर्यंत असा नवा भोपळा पिकवून आण, की त्याच्या तंबोऱ्यावरचं गाणं ऐकून आमच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. नाहीतर तू गाढवावर आणि तुझा मळा सरकारजमा.

येसबा घरी येऊन बोटांवर दिवस मोजू लागला. भोपळा वाढायला एक हंगाम, वाळायला दुसरा. पुनवेपर्यंत तर नव्या वेलीवर धड फूलसुद्धा धरत नाही. मळा गेला तर खायचं काय, आणि या वयात गाढवावर बसायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

त्याची लेक ठकू वांगी तोडत होती. ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं बापाला दोनच गोष्टी विचारल्या. राजे गाणं ऐकतात कधी, आणि त्यांचे आजोबा ऐकायचे कधी?

"हे राजे जेवण झाल्यावर ऐकतात," येसबा म्हणाला. "थोरल्या महाराजांचा रिवाज उलटा. आधी गाणं, मग पंगत. भोपळे द्यायला गेलो की मी मागल्या दारी बसायचो. भूक तर अशी लागायची! पण गाणं काय कानात शिरायचं म्हणून सांगू!"

ठकू खुदकन हसली. बाप म्हणाला, पोरीला वेड लागलं. ती मात्र तडक आधी बुवांकडे गेली आणि मग राजांकडे.

भोपळा तयार आहे, तिनं राजांना सांगितलं, पण ऐकायला सरकारांनी मळ्यात यावं. आणि जेवून येऊ नये, जेवण आमच्याकडे. पाहुणा घरून जेवून आला तर आम्हा गरिबांचा अपमान होतो. भरीत-भाकरीचं नाव काढताच राजांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी सकाळची न्याहारीदेखील टाळली.

पुनवेला राजे मळ्यात आले, शिपाई आले, आणि हो, गाढवही आलं. निखाऱ्यांवर वांगी खमंग भाजत होती, पण चूल काही पेटेना. कशी पेटणार? लाकडं ठकूनंच पहाटे भिजवून ठेवलेली.

"भाकरीला जरा उशीर आहे, महाराज," ती म्हणाली. "तोवर बुवांनी दोन सूर लावावेत."

राजे चरफडले, पण करतात काय? बुवांनी तंबोरा जुळवला आणि षड्ज लावला. राजांच्या पोटात कावळे कोकलत होते, त्यामुळं डुलकी जवळ फिरकेना. ते ताठ बसून ऐकू लागले. ऐकता ऐकता त्यांना आजोबांची मांडी आठवली, तिथं बसून भुकेल्या पोटी ऐकलेलं गाणं आठवलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून खरोखर पाणी वाहू लागलं.

"चुलीचा धूर लागला वाटतं," प्रधानजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," राजे म्हणाले. मग ठकूकडे वळले. "हा भोपळा आणलास कुठून?"

"हा जुनाच तंबोरा, महाराज. रोज दरबारात असतो तोच."

राजे चाट पडले. पण तो तंबोरा त्यांनी कधी उघड्या डोळ्यांनी पाहिलाच नव्हता, तर ओळखणार कसा?

"मग गाणं बुडवलं तरी कुणी?"

ठकूनं आधी अभय मागून घेतलं. मग वेलीवरचा गलेलठ्ठ हिरवा भोपळा राजांपुढं धरून त्याला टिचकी मारली. थप्प! मग खोपटाच्या आढ्याला टांगलेला वाळका, पोकळ भोपळा काढून त्यालाही मारली. तो कितीतरी वेळ घुमत राहिला.

"वेल एकच, महाराज. टिचकीही एकच. पण हा आतून गच्च भरलाय, त्याला कसला नाद येणार?"

राजांनी हिरव्या भोपळ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. शिपायांनी श्वास रोखले, येसबानं तर डोळेच मिटून घेतले.

"गुन्हेगार सापडला," राजे हळूच म्हणाले. "पण धिंड काढायचा शब्द देऊन बसलोय मी. त्याचं काय करू?"

ठकूनं एकदा राजांचा घेर पाहिला आणि एकदा त्या मरतुकड्या गाढवाकडे पाहिलं.

"महाराजांनी शब्द जरूर पाळावा," ती म्हणाली. "पण त्या बिचाऱ्या गाढवानं कुठं गाणं बुडवलंय?"

राजे असे हसले, असे हसले, की मुंडासं सुटून भरताच्या वांग्यांवर पडलं! हसता हसताच त्यांनी मळा येसबाला पिढ्यान्‌पिढ्या इनाम करून दिला, ठकूला स्वतःच्या हातातलं सोन्याचं कडं दिलं, आणि दरबारात पुन्हा आधी गाणं, मग पंगत असा हुकूम सोडला.

"आणि ते गाढवही घे," पोट धरून राजे म्हणाले. "पण आता कोरडी लाकडं काढ, बाई, आणि भाकरी वाढ!"