कल्हईवाल्याची रांग

लई जुन्या काळची गोष्ट हाय, ल्हान-थोर समद्यांनी ऐका. एक राजधानी व्हती. तिथल्या तरण्या पोरांना एकच खूळ, राजवाड्यातली चाकरी. उजाडलं की वाड्याच्या दारात रांग. चाकरी लागायची वर्साला दोघातिघांना, आन् रांगेत चारशे.

दंडक असा, की कारकून रोज तळहात बघायचा. डाग दिसला की हाकलला रांगेच्या शेवटाला. म्हून पोरं घरात विळासुदिक धरीत न्हवती. आई पाणी शेंदायची, आन् ही धटिंगणं हात सांभाळत बसायची.

त्यात एका विधवेचा पोरगा व्हता. चार वर्सं उभं राहून त्येचा नंबर सातवा आलेला. घरात चूल एक येळ पेटायची. चाकरी हुकली तर मायलेक उपाशी.

एक दिवस रांगेपाशी म्हातारा कल्हईवाला येऊन बसला. घरोघरी पितळंची भांडी. कल्हई उडाली की त्यात ताक कळकायचं, पिणारा वकायचा. बायकांनी हंड्या-पातेल्यांचा ढीग घातला, पण म्हाताऱ्याला भट्टीचा भाता वढवंना. कुणीतरी हात लावा रं, म्हणाला. चारशे जणांनी आपापले तळहात बघितले.

विधवेचा पोरगा निघाला. मागचा हसला, "जा. तुझी जागा धरतो मी, तुझ्या नातवासाठी."

सांजंला पोराचे हात कोळशावानी झाले, आन् पदरात पायलीभर जोंधळं. घरात चूल दोनदा पेटली.

दुसऱ्या दिशी कारकुनानं हात बघून त्येला शेवटाला धाडलं. पोरगा शेवटाला गेलाच न्हाई, तडक भट्टीवर गेला. नवसागर किती टाकायचा, कथील कवा फिरवायचं, म्हाताऱ्यानं समदं शिकवलं. आन् वर्सानं भाता त्येच्या हवाली करून लेकीच्या गावाला गेला.

पुढं वाड्यात जेवणावळ झाली. कढी कळकली, पाव्हणं आडवं झालं, राजा कारकुनावर तापला. कारकून सोताच पातेली घिऊन भट्टीवर पळत आला. म्हणला, आदी सरकारची.

पोरानं भाता थांबवला न्हाई. "कारकूनसायेब, रांगेत ऱ्हावा. आदी त्या आजीचा हंडा."

कारकून उभा राहिला, आठ बायांच्या मागं. दुसरं करतो काय?

नंबर येईस्तवर त्यो मऊ झाला. वाड्यात ये, कायमची चाकरी देतो, हात बघत न्हाई, असं म्हणाया लागला.

पोरगा म्हणाला, "मग आजीचा हंडा कुणी करायचा? मलाच माणसं पायजेत. तुमच्या रांगेतली दोन धाडा."

दोघं आली. त्यात पयला, त्यो हसलेला.

बाकीची अजून तितंच उभी हायती. हात पांढरं, आता डोकीबी पांढरी.

तवा पोरांनू, हात सांभाळत चाकरीची वाट बघू नका, घावंल त्यो धंदा धरा. काळं झालेलं हात पाण्यानं उजळत्यात, गेलेली वर्सं माघारी येत न्हाईत.