बाटलीतली अळी

डोंगरातल्या दाट जंगलात ओढ्याचा एक डोह होता आणि त्या डोहात एक खेकडा राहत असे. तो कुणाची बाजू घेत नसे, म्हणून सगळे तंटे त्याच्याकडे येत. मुलांनो, पाण्यातल्या जिवांनाही श्वास लागतो. त्यांचा प्राणवायू पाण्यातच विरघळलेला असतो. एका उन्हाळ्यात ओढा वाहायचा थांबला आणि डोहातला प्राणवायू कमी पडू लागला. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडी ठेवून तरंगू लागले. तेव्हा सगळ्यांत मोठ्या माशाने खेकड्याकडे तक्रार नेली. दगडांखाली किड्यांच्या असंख्य अळ्या आहेत, त्याच सगळा प्राणवायू संपवतात, त्यांना खालच्या डबक्यात घालवून द्यावे, असे त्याचे म्हणणे होते. ते डबके आटत आले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

खेकडा म्हणाला, "मोजल्याशिवाय मी निकाल देणार नाही."

पुरात वाहून आलेली एक काचेची बाटली तळाशी पडली होती. त्याने तिच्यात एक अळी सोडली आणि तोंड चिकणमातीने बंद केले. आतले पाणी तेवढेच. अळी जितक्या लवकर गुदमरेल तितका तिचा श्वास मोठा, असा त्याचा हिशोब होता. मासे बाटलीभोवती जमले. अळी काचेवर धडका देत राहिली, तिच्या कुशीचे कल्ले भराभर हलत राहिले आणि थोड्याच वेळात ती निपचित पडली. खेकड्याने तिला बाहेर काढले आणि माशाचे म्हणणे खरे असल्याचे जाहीर केले. काही अळ्या लगेच, निमूटपणे, ओल्या वाळूतून डबक्याकडे निघाल्या.

धाप ओसरल्यावर बाटलीतली अळी म्हणाली, "हा मासा आम्हाला खातो. तो काचेला तोंड लावून उभा होता. तुम्ही मोजलात तो माझा श्वास नव्हता, माझी भीती होती."

खेकड्याने पुन्हा मोजायचे ठरवले. त्याने माशांना दूर पाठवले, बाटलीत नवे पाणी घेतले, धरून बसायला एक खडा टाकला आणि अळीची तयारी विचारून तिला पुन्हा आत सोडले. ती खड्याला बिलगून बसली. ऊन डोहावरून सरकून गेले तरी तिचे कल्ले संथ हलत होते.

आता खेकड्याने त्याच बाटलीत तळाची कुजकी पाने भरून तोंड बंद केले. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात तोंड घालून माशाला क्षणभरही श्वास घेता येईना. कुजणारी पानेच प्राणवायू संपवत होती हे कळले आणि खेकड्याने आपला निकाल मागे घेतला. सगळ्यांनी मिळून ती पाने काठावर लोटली आणि माशांचे पहाटेचे धापा टाकणे थांबले.

खेकडा गेलेल्या अळ्यांना बोलवायला डबक्यापाशी गेला. तिथल्या मातीला भेगा पडल्या होत्या.

तात्पर्य : घाबरलेल्याचे माप घेतले तर त्याची भीतीच मोजली जाते, आणि अशा मापावर दिलेला निकाल मागे घेतला, तरी तो सगळ्यांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही.