पाणमांजरीचा डोह आणि कोंबडीचा दिवा

जंगलातल्या धरणाखाली एक छोटं वीजघर होतं, आणि त्याच्या पायथ्याच्या डोहात एक पाणमांजरी आपल्या तीन पिलांसह राहत होती, बरं का मुलांनो. धरणाचं पाणी वीजघरातलं मोठं चाक फिरवी आणि मग फेसाळत डोहात पडे. त्या वाहत्या पाण्यात मासे काय कमी? पाणमांजरीचं पोट भरलेलं असे, पण लक्ष मात्र सदा दुसऱ्याच्या घरात.

एके सकाळी कावळा गावाहून आला. "मावशी, त्या कोंबडीचा थाट बघायला हवा. खुराड्यात दिवा लावलाय. पिलं ऊब घेत लोळत असतात."

"वीज कुठली?"

"इथलीच की. या तारांवरून जाते."

झालं, त्या दिवशी पाणमांजरीला मासा गोड लागेना. "पाणी माझ्या दारचं, चाकाची घरघर मी सोसायची, आणि ऊब तिच्या पिलांना? भाऊ, घरट्यासाठी तू तारेचे तुकडे गोळा करतोस ना? एक लांबसा या तारांवर टाकून दे."

"त्यातून तुला काय मिळणार?"

"तिला मिळणार नाही, तेवढं पुरे."

कावळ्याला गंमतच हवी होती. त्याने उंचावरून तुकडा सोडला. चर्र झालं, ठिणग्या उडाल्या आणि गावाकडे जाणारी एकुलती एक लाईन बंद पडली. पाणमांजरी मिशीतल्या मिशीत हसली.

तेवढ्यात वीजघराची घरघर थांबली. पाणीही पडेनासं झालं. दुपारपर्यंत डोहाचं डबकं झालं, मासे चिखलात तडफडू लागले आणि बगळ्यांच्या थव्याने ते बघता बघता संपवले. पाणमांजरीच्या वाट्याला दोनच आले. पिलं भुकेनं रडू लागली.

चिखलातून कासव म्हणालं, "अगं, वीज काही कणगीत भरून ठेवत नाहीत. तिकडे लागेल तेवढीच इथे तयार करतात. तिची जायची वाट तुटली, म्हणून चाक थांबवलं. चाक थांबलं, तसं तुझं पाणीही थांबलं."

पाणमांजरीने तरी कावळ्याला विचारलंच, "आणि कोंबडी?"

"तिनं पिलं पंखाखाली घेतली. झोपलीत मजेत."

 भुकेली पिलं घेऊन पाणमांजरी दुसरा डोह शोधायला निघाली.

तात्पर्य : शेजारचा दिवा डोळ्यांत खुपला तरी तो विझवायला जाऊ नये, आपल्या पिलांचा घासही त्याच्याच जोरावर येत असतो.