रिकाम्या पालखीची ललकारी

एकदा एका राज्याच्या दिवाणाला नदीत मनसोक्त डुंबायची ओढ लागली. तुम्ही म्हणाल, त्यात काय? पण त्याचे पागोटे एवढे विशाल, की चिमण्यांनी त्यात संसार थाटला, तरी पिल्ले उडाल्यावरच त्याला कळे. शिवाय त्याचाच हुकूम होता: दिवाणसाहेब घाटावर येताच सर्वांनी पाण्याबाहेर व्हावे. रोज तो निर्मनुष्य नदीत एकटाच बुडी मारी आणि उदास होऊन परते.

शेवटी तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. "आचार्य, आश्रमात आम्ही एकमेकांच्या नाकातोंडात पाणी उडवायचो. तसं एकदा तरी डुंबायचंय हो."

"मग पागोटं पालखीत ठेव. पडदे लावून ती सावकाश येऊ दे. आपण शेतातून पुढे जाऊ."

लंगोटीतल्या दिवाणाला कोणी ओळखले नाही. "ओ पोटोबा, सरका की! सगळी नदी अडवलीत!" म्हणत धुणे धुणाऱ्या एका म्हातारीने त्याच्या तोंडावर ओंजळभर पाणी मारले. दिवाण असा खदखदून हसला, की पैलतीरावरचे बगळे उडाले ते थेट शेजारच्या राज्यात उतरले.

इतक्यात चोपदाराची ललकारी घुमली. घाट क्षणात रिता झाला. शिपाई दिवाणावर खेकसला, "ए, निघ बाहेर! दिवाणसाहेब येतायत!"

"अरे, मीच दिवाण!"

"हो का? मग मी महाराणी! निघ!"

दिवाण काठावर कुडकुडत उभा राहिला. रिकाम्या पालखीसमोर सारे मान खाली घालून उभे होते. नदी एकटीच वाहत होती.

गुरू हळूच म्हणाले, "पाहिलंस, बाळ? तुझा हुकूम तुलाही ओळखत नाही. इतरांना बाहेर काढलं की नदी आपली झाली, असं तुला वाटलं. पण ज्या पाण्यात दुसरा कुणी मनासारखा उतरू शकत नाही, त्यात तू तरी मोकळा कसा होशील?"

दिवाणाने तिथल्या तिथे हुकूम मागे घेतला. पण लंगोटीतल्या माणसाचे ऐकतो कोण? त्यासाठी पालखीतले पागोटे चढवावे लागले. ते चढताच म्हातारीने ओठांवरचा शब्द गिळला.

"आता, आचार्य?"

"आता वाट पाहा. भीती हुकमासरशी येते, जाताना मात्र आपल्या पायांनी जाते."

तेव्हापासून तो पालखीविना येतो आणि शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसतो. म्हातारी जवळच धुणे धुते, अदबीने, एक थेंबही त्याच्यावर उडू न देता. तो मात्र रोज तिच्या ओंजळीकडे पाहत असतो.