दारातले पाचशे श्लोक

राजा मेघसेन पार चक्रावला होता. राज्यातल्या दोन पाठशाळांपैकी श्रेष्ठ असेल ती ठेवायची आणि दुसरी बंद करायची, असं तो जाहीर करून बसला. पण श्रेष्ठ ठरवायची कशी, ते ना त्याला कळत होतं ना प्रधानाला.

पहिल्या पाठशाळेचे भानुशास्त्री छाती काढून म्हणाले, "महाराज, माझ्या दारात शंभर मुलं येतात. आत घेण्याआधी मी पाचशे श्लोक म्हणायला लावतो. नव्व्याण्णव परत जातात! आहे कुणाची एवढी कडक निवड?"

"ती नव्व्याण्णव माझ्याकडे येतात," दुसऱ्या पाठशाळेचे कुशाबा पंतोजी म्हणाले. "मी सगळ्यांना घेतो."

दरबार खदखदून हसला. राजा आणखीच गोंधळला, कारण वैद्य आणि सेनापती हसले नाहीत. दोघंही पंतोजींकडेच शिकले होते.

"महाराज, वर्षभर अदलाबदल करू," पंतोजी म्हणाले. "त्यांचा एक मला द्या, माझे नव्व्याण्णव त्यांना."

शास्त्रीबुवा दचकले. "छे, छे! ज्यांना काहीच येत नाही, त्यांना मी काय शिकवणार?"

"आणि ज्याला दारातच पाचशे श्लोक येत होते," पंतोजींनी विचारलं, "त्याला तुम्ही शिकवलंत तरी काय?"

या वेळी आधी सेनापती हसला, मग राजा.