देवीच्या हातातली टोपली

मिसर देशाच्या सिंहासनावर मांजर झोपले होते आणि राजा खेनमोस पहाटेपासून उभा होता.

मांजर देवळातले होते. बास्तेत देवीचे. बास्तेत म्हणजे सूर्याची लेक, घरादाराची राखण करणारी, मांजराच्या तोंडाची देवी. तिच्या मांजराला जो हात लावील त्याचा हात तोडावा, हा खेनमोसचाच हुकूम. हुकूम मागे घेणे त्याला ठाऊक नव्हते.

बाहेर नील नदी चढत होती. राजाने सिंहासनावर बसून सांगितल्याशिवाय कालवे उघडायचे नाहीत, अशी रीत होती. लोक फावडी घेऊन ताटकळले होते.

महापुरोहिताने देवीचा खुळखुळा वाजवला. मांजराने एक कान हलवला. मासा ठेवला. मांजराने तो सिंहासनावरच खाल्ला आणि कूस बदलली.

राजा मांजरांच्या राखणदारावर, पाशेदवर, उखडला. "तुझ्यामुळे हे देवळातून सुटलं! सावली त्या खांबाला टेकेपर्यंत ते आपणहून उतरलं पाहिजे. हात लावायचा नाही, भिववायचं नाही. नाही उतरलं, तर तू जन्मभर दगडाच्या खाणीत!"

पाशेदची लेक हेनुत दारात उभी होती. ती लव्हाळ्याच्या टोपल्या विणून विकत असे.

"महाराज, मी उतरवते. बाबांना सोडाल?"

"महापुरोहिताला जमलं नाही, ते तुला जमणार?"

"त्यांनी देवीच्या उजव्या हातातलं वापरून पाहिलं. डाव्या हातातलं राहिलं."

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या मूर्तीकडे पाहिले. उजव्या हातात खुळखुळा. डाव्या हातावर टोपली.

महापुरोहित खाकरला. "पोरी, ती टोपली म्हणजे धरतीची समृद्धी! तिचे सात गूढ अर्थ आहेत. पहिला अर्थ..."

"सावली सरकतेय!" राजा ओरडला.

हेनुतने बाहेरून एक टोपली आणली. ती मांजरापेक्षा चार बोटे लहान होती. तिने ती सिंहासनासमोर फरशीवर ठेवली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आत काय आहे?" राजाने विचारले.

"काही नाही."

"मग ते कशाला येईल?"

"तिकडे बघू नका, महाराज. बघितलं की येत नाही."

राजाने छताकडे पाहिले. दरबारानेही छताकडे पाहिले.

मांजराने एक डोळा उघडला. मग दुसरा. ते खाली उतरले, टोपलीभोवती एक फेरी मारली आणि आत शिरले. मावत नव्हते. तरी बसले.

राजाने सिंहासनावरचे केस झटकले, माशाचा काटा बाजूला केला आणि तो बसला.

"कालवे उघडा!"

बाहेर एकच आरोळी उठली. राजा महापुरोहिताकडे वळला. "हं, त्या टोपलीचे किती अर्थ म्हणालात?"

"सात, महाराज."

"आणि तुझा, पोरी? देवीच्या हातात टोपली कशाला?"

"बसायला."

राजा इतका हसला की मुकुट कानावर आला. महापुरोहित हसला नाही.

"पाशेदला सोडा! आणि आजपासून देवळात हिचीच टोपली. एकेका टोपलीला पोतंभर गहू!"

हेनुतने हात जोडले. "रोज एक लागेल, महाराज."

"रोज?"

"कालच्या टोपलीत मांजर बसत नाही."